बंद हाय ना गो?

ऐका, पण मध्येच बोलू नका. वरसे गावचा भरत तुम्हाला ठाऊक आहे, तो कॅरॅव्हॅनवाला. चाकांवरचं घर भाड्याने देतो. गेल्या पौषातल्या अवसेला हे त्याच्याबाबतीत घडलं.

रोह्याहून गाडी पेणला न्यायची होती, पहाटे एक कुटुंब त्यात चढणार होतं. साधं काम. नागोठण्याच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली आणि भात गरम करायला जनरेटर लावला. बाहेर जनरेटर धडधडतोय, आत मात्र ना दिवा, ना पंखा. पहाटे लोकांना काय तोंड दाखवणार? बिघाड रात्रीच शोधायला हवा होता.

पूर्वी असं झालं की त्याची बायको मालू आत विजेच्या बोर्डापाशी बसायची आणि हा बाहेर तारा बघायचा. आधी विचारायचं, आतून उत्तर आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, असा दोघांचा नेम. मालू आषाढात गेली. तरी हा भात दोघांचाच लावायचा, उरलेला सकाळी खायचा. पार एकटा पडला होता बिचारा.

त्याने जनरेटर बंद केला. रस्ता ओसाड, म्हणून दाराला कुलूप घातलं आणि गाडीखालचा वायरिंगचा डबा उघडला. एक तार सैल झाली होती. आत इन्व्हर्टर होता, पण दिवेच गेले म्हणजे तोही मेला, असं त्याने धरलं. घाईत माणूस असंच करतो.

बोटं तारेजवळ नेली आणि सवयीने तोंडातून गेलं, "बंद हाय ना गो?"

विचारलं आणि त्याला रडूच आलं. डोलवीच्या पोलाद कारखान्याकडचं आभाळ लालसर होतं. रातकिडेही गप्प...

"नाय."

आतून.

हात आपसूक मागे आला. टेस्टर लावला. पेटला. इन्व्हर्टर चालू होता...

मग, अगदी हळू,

"...आता?"

...

"व्हय. आता बंद हाय."

टेस्टर विझला.

त्याने कुलूप काढलं, विजेरी आत मारली. आत कुणी नाही. इन्व्हर्टरचं बटण बंद.

"मालू?... बोल गो."

त्याने मागचा कोपराही पाहिला.

फक्त बोर्डाजवळच्या बाकाची गादी दबलेली, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. त्याने थोपटली, झटकली. खळगा भरेना.

पुढे गिऱ्हाइकांनी तक्रार केली, म्हणून पेणला नवी गादी घालून घेतली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच दबलेली होती.