शालूची निळी अंडी

आत्माराम भोईर यांनी पोलीस चौकीच्या टेबलावर पाच अंडी ठेवली आणि म्हणाले, "चोरी झालीय. लिवून घ्या."

अंडी पांढुरकी होती. गावठी कोंबडीची असतात तशी. हवालदार मिनल सुर्वेने आधी अंड्यांकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

"काका, अंडी तर इथेच आहेत. गेलं काय?"

"माज्या कोंबड्या निळी अंडी घालतात. चोर निळी नेतो नि ही असली ठेवून जातो."

मागच्या टेबलावरचा शिपाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर हसायला गेला. मिनल हसली नाही. तिचं लहानपण गुहागरला आजीच्या खुराड्याशेजारी गेलं होतं आणि कोंबड्यांपायी माणूस किती हळवा होतो हे तिने पाहिलं होतं. शिवाय म्हाताऱ्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असणार, हे तिने ओळखलं. तिने खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला.

हकिगत अशी होती. आत्मारामची बायको शालू चाळीस दिवसांपूर्वी तापाने गेली. पाच दिवसांत खेळ आटोपला. तेव्हापासून खुराड्यात एकही निळं अंडं सापडलं नव्हतं. बरं, अंडी येत होती रोज, पण ही अशी.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला तर कावळे समोर तिवरांवर बसून राहिले. एक खाली उतरेना. मुलगा दिपेश म्हणाला, आई, बाबांना मी सांभाळीन. सूनही तसंच म्हणाली, शालूची बहीणही म्हणाली. तासभर गेला. शेवटी आत्माराम हात जोडून पुढे झाले आणि बोलले, शालू, तुझ्या निळ्या अंड्यांची काळजी करू नको, ती आता मी बघतो. कावळा सरळ खाली आला आणि शिवला.

"म्हंजे तिचा जीव त्यात अडकला व्हता," आत्माराम म्हणाले. "नि मी सबूद दिला. आता तोच मोडतोय. चोर गावला पायजे, बाय. दुसरं काय न्हाय मागत."

मिनलने वहीत नोंद केली. कुठल्या कलमाखाली बसणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

*

खारी गावात आता गाव असं फार उरलेलं नाही. चारी बाजूंनी इमारती, मधे दहा-बारा जुनी घरं. आत्मारामचं घर त्यातलं शेवटचं. मागे जाळीचं खुराडं, सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा मात्र बघत राहावा असा. डोक्यावर लालभडक, उंच, दातेरी तुरा. कोंबड्यांचे तुरेही तसेच उभे.

"देखना हाय ना?" आत्मारामचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "बारा वर्सं निवडून निवडून आनलाय."

ही जात आली कुठून, असं मिनलने विचारलं. उत्तनची एक म्हातारी बाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली, तिने जाताना शालूला चार कोंबड्या आणि एक कोंबडा दिला. तो कोंबडा वर्षभरात मुंगसाने नेला. मग आत्मारामने विरारहून एक दांडगा गावठी कोंबडा आणला आणि त्याच्यावर पुढची पैदास चालवली.

घरात भिंतीवर त्या पहिल्या कोंबड्यांचा फोटो होता. मधे शालू बसलेली, मांडीवर निळ्या अंड्यांची टोपली. मिनलने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. कोंबड्या गुबगुबीत होत्या, पण तुरा म्हणावा असा एकीलाही नव्हता. डोक्याला चिकटलेले तीन लाल उंचवटे, बस.

"पिल्लं कशी व्हायची?"

"निम्मी उभ्या तुऱ्याची, निम्मी चपट्या. चपटी दिसायला वाईट. ती गटारीला कापायची. तलंग असो का कोंबडा, एक पन ठेवत नसे. शालू म्हनायची, र्‍हाऊ द्या दोन चपट्या. म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. जात सुदरायची तर हात आखडून चालत न्हाय."

"अंडी कोण काढायचं?"

"शालूच. मना खुराड्यात पाय ठेवू देत न्हवती. पुरुषाच्या पावलानं कोंबड्या बुजतात, म्हनायची."

"पहिल्यापासून?"

आत्मारामने आठवून पाहिलं. "न्हाय. आधी मीच काढायचो. निळ्यांत पांढरी पन यायची, म्हटलं नव्या कोंबड्यांची आसतील, वय झालं का निळी व्हतील. त्या उत्तनच्या कोंबड्यांतली शेवटची म्हातारी होऊन मेली, त्या सालापासून तिनं काम आपल्याकडं घेतलं, नि मंग सगळी निळीच याया लागली. सात वर्सं झाली आसतील."

"या सात वर्षांत निळी अंडी मधे कधी थांबली?"

"एकदा. ती पंधरा दिवस बहिनीकडं गेली व्हती. कोंबड्या रुसल्या, पांढरी घालाया लागल्या. ती आली नि दुसऱ्या सकाळी निळं अंडं हजर." त्यांनी खिडकीतून खुराड्याकडे हात केला. "मुक्या जनावराला पन माया कळते."

मिनल खुराड्याभोवती फिरली. जाळीवर गोकर्णीची वेल चढली होती आणि निळ्या फुलांनी नुसती भरून गेली होती. एवढी फुललेली वेल तिने मुंबईत पाहिली नव्हती. ती तसं म्हणाली, तर आत्मारामलाही नवल वाटत होतं. शालू असताना वेलीवर फूल टिकत नसे, सकाळी सकाळी तोडून न्यायची. देवाला नेत असेल. पण देवघरात मिनलला फोटोंवर वाळून गेलेली जास्वंदच दिसली.

दाराजवळ कढीपत्त्याचं झाड होतं, जुन्या पिंपात लावलेलं. शालू अंड्यांची टरफलं त्यातच टाकायची. मिनलने काठीने माती उकरली. वरच्या थरातली टरफलं बाहेरून निळी आणि आतून पांढरी होती. हातभर खाली गेल्यावर काही जुने तुकडे लागले. तिने ते पुसून उन्हात धरले. ते आतूनबाहेरून निळे होते. दोन्ही प्रकारचे तुकडे तिने कागदात बांधून घेतले.

*

आत्मारामचा संशय दोघांवर होता.

पहिले गुणवंतभाई, कुंपणापलीकडच्या इमारतीत तळमजल्याला राहणारे. कोंबडा पहाटे आरवतो म्हणून त्यांनी महापालिकेत दोनदा अर्ज केला होता. मिनल त्यांच्या दारात गेली.

"बेन, आम्ही जैन आहोत," गुणवंतभाई म्हणाले. "अंड्याला आम्ही हात पण नाय लावत, ने चोरी करणार? कोंबडा त्रास देतो, ते बोललो. पण शालूबेन गेली ने तेव्हापासून आपण एक अर्ज नाय केला. विचारा हंसाला."

त्यांची बायको हंसाबेन आतून आली. शालूची आठवण निघताच तिने पदर डोळ्याला लावला. रोज सकाळी साडेसहाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून शालू दिसायची. वेलीची फुलं तोडायची, वाडग्यात भिजवायची, खुराड्याच्या मागे बसायची. हंसाला वाटायचं, फुलांचा चहा करते. तब्येतीला चांगला असतो म्हणतात.

दुसरा संशय खुद्द मुलावर. दिपेश जवळच्या इंद्रलोक वसाहतीत भाड्याने राहत होता आणि जागा बिल्डरला द्यावी म्हणून वडिलांच्या मागे लागला होता. कोंबड्या संपल्या तर म्हातारा तिथून हलेल, हा हिशोब आत्मारामने मनाशी केला होता. दिपेशने ते ऐकलं आणि तो खालीच बसला.

"मी चोर? मॅडम, ती जागा मला नकोच आहे. बाबा एकटे राहतात, रात्री पडले तर कोण बघणार? त्यांना घरी न्यायचंय, एवढंच. अंड्यांचं मला काही माहीत नाही. आई गेल्यावर माझी आरोहीसुद्धा विचारते, आजीचं निळं अंडं का येत नाही."

मिनलला त्याचं खरं वाटलं. संध्याकाळी तिने वसईच्या एका पशुवैद्यांना फोन लावला आणि दोन प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून तिने फोन ठेवला. काही गुन्हे उलगडूच नयेत, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

*

तिला आत्मारामला एकट्याला गाठून सांगायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी ती गेली तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. दिपेश होता, गुणवंतभाई आणि हंसाबेन होते. आत्मारामनेच बोलावलं होतं सगळ्यांना. चोराचं नाव चारचौघांत घ्या, म्हणाले. लाज वाटली पाहिजे त्याला.

"काका, आपण आत जाऊन बोलू."

"न्हाय. हितंच."

मिनलने कागद उलगडला आणि टरफलं आत्मारामच्या तळहातावर ठेवली.

"हा जुना तुकडा बघा. आतून बाहेरून निळा. तुमच्या उत्तनच्या कोंबड्यांचं अंडं. खरं निळं अंडं कवचातून आरपार निळं असतं. आणि हा अलीकडचा. बाहेरून निळा, आतून पांढरा. हा रंग वरून लावलाय."

आत्मारामने दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेले.

"कोनी लावला?"

"शालूकाकी बाहेरगावी गेल्यावर अंडी पांढरी का झाली, काका? सात वर्षं तुम्हाला खुराड्यात का येऊ दिलं नाही? वेलीवर फूल का टिकत नव्हतं? हंसाबेनने त्यांना रोज फुलं भिजवताना पाहिलंय. चोर कोणी नाही. शालूकाकी गेल्या आणि अंडी रंगवणारं कोणी उरलं नाही. या कोंबड्या जन्मापासून पांढरीच घालतात."

खुराड्यात कोंबडा पंख झाडत होता.

"पन जात तर तीच हाय," आत्माराम म्हणाले. "मी सोता निवडलीय. बारा वर्सं."

हेच मिनलला सांगायचं नव्हतं. तरी तिने सांगितलं, कारण म्हातारा डोळ्यांत डोळे घालून बघत होता.

"मी डॉक्टरांना विचारलं. या जातीत निळं अंडं आणि चपटा तुरा बहुतेक जोडीनेच उतरतात. ज्या पिल्लाचा तुरा चपटा, त्याच्याच अंगात निळं अंडं. विरारच्या कोंबड्यापासून झालेल्या निम्म्या पिल्लांत ते होतं. ती तुम्ही दर गटारीला कापलीत. उभ्या तुऱ्याची ठेवलीत, ती नुसती देखणी होती. उत्तनची शेवटची कोंबडी मेली त्या दिवशी जात संपली."

आत्मारामच्या हातातले तुकडे खाली पडले. ते उचलायला दिपेश वाकला आणि तसाच वडिलांच्या पायाशी बसून राहिला.

"तिला ठावं व्हतं," आत्माराम हळूहळू म्हणाले. "र्‍हाऊ द्या दोन चपट्या, बोलली व्हती. मी हसलो. दर गटारीला तीच रांधायची. पयला तुकडा माज्या ताटात वाढायची. येकदा पन बोलली न्हाय, का तुमी काय खाताय."

हंसाबेन तोंडाला पदर लावून रडत होती. गुणवंतभाईंनी मान फिरवली.

शालू का बोलली नसेल, हे मिनलला उमगलं होतं, पण ते सांगायची गरज नव्हती. अख्ख्या खारीत आत्मारामला निळ्या अंड्यांवाला म्हणायचे. उत्तनहून, वसईहून लोक बघायला यायचे आणि हा गडी कोंबडा बगलेत धरून, छाती पुढे काढून उभा राहायचा. त्याला उघडं पाडण्यापेक्षा रोज पहाटे उठून सहा अंडी रंगवणं तिला सोपं गेलं. सात वर्षं तिने ते केलं, ताप चढला त्या सकाळपर्यंत.

"मंग कावळा का शिवला?" आत्मारामने विचारलं. "जात संपू देनार न्हाय, ह्याच बोलीवर शिवला ना? जात तर सात वर्सं आधी गेली व्हती."

"तुम्ही जातीचं बोललाच नव्हतात, काका. तुम्ही म्हणालात, अंड्यांची काळजी करू नको, ती मी बघतो. चौकीत तुम्हीच सांगितलंत."

आत्मारामचा चेहरा वाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे मोठ्याने रडले. दिपेशने त्यांना धरून ठेवलं.

शांत झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं. "लिवून घ्या, बाय. चोराचं नाव आत्माराम नारायन भोईर."

मिनलने वही उघडलीच नाही. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज करा, एवढं ती कशीबशी म्हणाली.

ते उठले. वेलीपाशी गेले आणि एकेक फूल खुडू लागले. ओंजळ भरली तेव्हा खुराड्यामागून शालूचा वाडगा घेऊन आले. त्याच्या तळाला निळा डाग अजून होता. फुलं त्यात घातली आणि ते थांबले. आधी दिपेशकडे पाहिलं, मग हंसाबेनकडे.

"पानी गरम घ्यायचं का थंड? नि अंडी किती येळ ठेवायची?"

दिपेशला माहीत नव्हतं. हंसाबेनने लांबूनच पाहिलेलं, तिलाही सांगता येईना. अंगणात कोणालाच ते माहीत नव्हतं.