रस्त्यापलीकडच्या चार सह्या

भोपूनं टोलवलेला चेंडू रस्ता ओलांडून थेट बेकरीच्या पायरीशी थांबला. मिरी तो आणायला धावली, तर बेकरीवाले काका कचऱ्याची बादली घेऊन उभे.

"काका, गाडी सकाळीच गेली की," ती म्हणाली.

"ती तुमची, अकराव्या वॉर्डाची. रस्ता ओलांडला की बारावा. आमची दुपारी येते."

मिरी चेंडू विसरली. तिची आई अकराव्या वॉर्डातून नगरपालिकेला उभी राहत होती. फॉर्मवर त्याच वॉर्डातल्या निदान दहा मतदारांच्या सह्या हव्या होत्या. जिने चढायचा कंटाळा असलेल्या मामानं त्यातल्या चार बेकरीत चहा पिता पिता उरकल्या होत्या, बेकरीवाल्यांची आणि त्यांच्या तीन शेजाऱ्यांची. आज तीनपर्यंत फॉर्म द्यायचा होता आणि एक वाजला होता.

खरं सांगायचं तर मिरीला आधी बरंच वाटलं. फॉर्म बाद झाला, की आई घरी! सुट्टी लागल्यापासून शिलाईमशीनवर खोळ होती. एरवी सुट्टीत मिरी मशीनपाशी चिंध्या निवडत बसायची आणि शिवता शिवता आई गोष्टी सांगायची. आता घर नुसतं खायला उठायचं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं?

पण नळाला पाणी यावं म्हणून सगळ्या गल्लीचे अर्ज सहा वर्षं आईच लिहीत होती. मिरीला ते आठवलं आणि ती रिकाम्या हातांनीच परत धावली.

"चेंडू गटारात गेला का गं?" कासवानं विचारलं. सगळं सावकाश करायचा म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. मग तिनं भोपूला आणि त्याला, दोघा मित्रांना सगळं सांगून टाकलं.

घरी मामा उशीखाली फाइल ठेवून आडवा झाला होता. "मला शिकवू नका. वीस वर्षं निवडणुका बघतोय मी."

"मग आपल्या वॉर्डाच्या मतदारयादीत बेकरीवाल्या काकांचं नाव दाखवा," भोपू म्हणाला. "सापडलं तर सुट्टीभर तुमची स्कूटर आम्ही धुऊ."

स्कूटरच्या आशेनं मामानं यादी उघडली. पाचव्या पानावर तो उठून बसला आणि दहाव्यावर त्याचा चेहरा पडला.

फॉर्मवर पाच सह्यांची जागा शिल्लक होती. चौघे जिने चढत सुटले. कासव आधी प्रत्येकाचं नाव यादीत बोट ठेवून शोधायचा, तोवर मामा धापा टाकून घ्यायचा. इस्त्रीवाल्या, कंपाउंडर आणि निवृत्त गुरुजी अशा तीन सह्या झाल्या. चौथ्या शेजारच्या काकू.

"सही करते, पण माझं ब्लाउज अर्धंच राहिलंय. तुझी आई निवडून आली तर शिवणार कोण?"

"मलाही तेच विचारायचंय तिला," मिरी म्हणाली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

आई नगरपालिकेत वाटच बघत होती. तीनला दहा कमी असताना कार्यालयातल्या साहेबांनी फॉर्म तपासला. चार नावं बाद केली, उरलेली दहा मोजली आणि शिक्का मारला. "चूक शोधली कुणी?"

"या पोरांनी," मामा म्हणाला. "माझी अब्रू राखली."

"मग प्रचारप्रमुख यांनाच करा," साहेब म्हणाले. भोपूची छाती फुगली, कासव लाजला.

बाहेर पायऱ्यांवर आईनं मिरीला जवळ ओढलं. मिरी म्हणाली, "आई, मी सांगणारच नव्हते. तू घरी आली असतीस."

आईनं तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. "फॉर्म राहिला तर बरं, असं दोनदा माझ्याही मनात आलं. तुझ्या वेण्या घातल्याला किती दिवस झाले गं?"

ती तिथंच पायरीवर टेकली, मिरीला पुढ्यात बसवून तिनं रिबिनी सोडल्या आणि बोटांनी केस विंचरायला लागली.

"ताई, फाटकाशी लोक खोळंबलेत," मामा म्हणाला.

"दोन वेण्या होईपर्यंत थांबतील."

वेणी लवकर संपू नये म्हणून मिरी मुद्दाम मान हलवत राहिली.