मोकळी सोडलेली ओळ

त्या सकाळी आईने डब्यातली अर्धी आंबोळी खाल्ली, उरलेली लेकीच्या, शर्वरीच्या टेबलावर ठेवली आणि आपल्या आज्ञापटलासमोर जाऊन बसली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या या प्रयोगशाळेत बाकी सगळे पडद्यावरच्या चित्रांना बोट लावून काम करत. आई, हेमांगी खानोलकर, मात्र अजूनही काळ्या पडद्यावर फाईलचं नाव टंकून ती चालवायची. बोट लावलं की काम होतं, पण काय झालं ते कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

इथे माणसांच्या आठवणींचा स्मृतिकोश तयार होत होता. कोशात भरलेल्या माणसाशी त्याच्याच आवाजात बोलता येई. कोशाने काय करायचं ते ओळीओळीने सांगणारी फाईल म्हणजे आज्ञासंचिका. ती चालवली की बदल होत, पण कच्चे. मग एक शब्द दिला की ते पक्के होत. तो न देता सत्र तुटलं, तर सगळं मागे फिरून जणू काही घडलंच नव्हतं. तरुण अभियंते तो शब्द फाईलच्या शेवटीच लिहून ठेवत. आई शेवटची ओळ मोकळी सोडायची. मीठ आधीच घालून मग चव बघता होय, असं ती त्यांना विचारायची.

या आज्ञांना मराठी शब्द देण्याचं काम शर्वरीचं. पक्कं करण्यासाठी तिने 'दृढ' सुचवला होता. आई 'कायम'वर अडून बसली होती आणि सध्या यंत्रात तोच चालू होता.

"अगं, हा शब्द माणसं दिवसातून शंभरदा बोलतात," शर्वरी त्या दिवशीही म्हणाली. "ध्वनिआज्ञा चालू असताना कुणाच्या वाक्यात आला, तर यंत्राला काय कळणार?"

"पक्कं करायचंय, एवढं कळेल. म्हणून जपून बोलावं. तुम्ही भाषावाल्यांनी शब्द फार स्वस्त केलेत."

आईची सहकारी नसीमआपा परकार शेजारून हसली होती.

संध्याकाळी आईने एक संचिका चालवली आणि पडदा तसाच ठेवून उठली. सकाळी ताज्या डोळ्यांनी बघते म्हणाली. येतेस का, असं दारातून विचारलं. शर्वरी म्हणाली, तू हो पुढे. घराजवळच्या चढावर आई कठड्यावर टेकली ती टेकलीच.

दिवसकार्य उरकून शर्वरी कामावर आली, तेव्हा नसीमआपाने तिला बाजूला घेतलं. आईने वर्षभर स्वतःच्याच आठवणी नोंदवून घेतल्या होत्या आणि शेवटच्या संध्याकाळची संचिका त्या कोशात भरण्यासाठी होती. पण कोशात तिच्या नावावर काहीच नव्हतं. संचिका फसली असावी, असं नसीमआपाला वाटत होतं.

"फसली असती तर थांबली असती," शर्वरी म्हणाली. "आईची पहिली ओळ नेहमी 'चुकलं तर थांब' अशीच असते. शेवटची बघितलीस?"

"मोकळी आहे."

दोघींनी एकदमच आईच्या टेबलाकडे पाहिलं. तिच्या पटलाला कुणी हात लावला नव्हता. पडद्यावरची खूण लुकलुकत होती.

"कच्चा बदल ज्या सत्रात केला, त्या सत्रालाच दिसतो," नसीमआपा सावकाश म्हणाली. "बाकीच्यांना कोश रिकामाच दिसणार."

"म्हणजे आई आहे."

"या एका पडद्यामागे. आणि यंत्रं थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या नळ्या साफ करायला दुपारी वीज तोडणार आहेत. सत्र गेलं की सगळं उलट फिरेल. 'कायम' टंक आणि मोकळी हो."

शर्वरीचा हात कळफलकावर गेला आणि थबकला. न तपासता आईने तो शब्द कधीच दिला नसता. आणि तपासायचं म्हणजे बोलायचं. नसीमआपाने सावध केलं, की बोललेलं सगळं आईच्या आठवणीत जमा होईल. आपण गेलो हे तिला कळलं, तर पक्कं केल्यावर ते कळणंही पक्कं होईल. मग नसीमआपाने ध्वनिग्राहक चालू केला. "ध्वनिआज्ञाही यावरच चालतात. तो शब्द सांभाळ."

"आई," शर्वरीने हाक मारली.

"शरू?" आईचा आवाज आला. "आंबोळी खाल्लीस?"

"खाल्ली."

"थंडगार करून खाल्ली असशील. आणि माझ्या पटलावर काय करतेस? मी तर इथे कुणाला बसू देत नाही. मी गेले का गं?"

शर्वरीने नसीमआपाकडे पाहिलं. आईशी खोटं बोलून चालायचं नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"हो."

"संचिका कुठे अडली?"

"कुठेच नाही. शेवटची ओळ मोकळी आहे."

"मग तपास की."

"लहानपणी मला ताप आला की तू काय वाचून दाखवायचीस?"

"यंत्रांच्या माहितीपुस्तिका. घरात माझं दुसरं वाचन कुठे होतं? आणि तू म्हणायचीस, पुन्हा वाच."

"बरोबर आहे."

"मग अडलंय कुठे?"

"तुला आता कळलंय. ते पुसता येणार नाही."

"कळून राहीन. न कळता राहणं मला कधी जमलं नाही." आवाज थोडा खाली आला. "पण शरू, तू पुस्तकांत रमणारी. माझ्यामुळे या रुक्ष कामाला जुंपली गेलीस, हे मला सलतं. मी इथे राहिले तर तू इथेच बसशील. सत्र जाऊ दिलंस तरी माझी तक्रार नाही. तुझं तू ठरव."

नसीमआपाने भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मग कळफलकाकडे बोट दाखवलं. शर्वरीने नकारार्थी मान हलवली. तिने कळफलक हलकेच बाजूला सारला आणि ती आईच्या खुर्चीत नीट बसली.

"आई, मी इथे शब्दांसाठी आलेच नव्हते," ती म्हणाली. "मला कायम तुझ्याशेजारी बसायचं होतं."