ठणठणीत माणसांना कोण विचारणार?

उसाचा रस तर शर्वाणीही प्यायली होती. मग अर्धी सोसायटी पोट धरून पडलेली असताना ती ठणठणीत कशी?

हे कोडं चौकसला पडलंच नाही. चौकस हा विद्यापीठाच्या सामाजिक आरोग्य विभागाचा यंत्रमानव. नावाप्रमाणे त्याने प्रत्येक आजाऱ्याला खाण्यापिण्याबद्दल विचारलं होतं. सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या इनामदारकाकांकडे रस प्यायला होता. त्यामुळे काकांचं गुऱ्हाळ आज संध्याकाळी बंद करायचं ठरलं होतं. इनामदारकाकांची मुलगी निलोफर ही शर्वाणीची जिवलग मैत्रीण. ती सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती, आणि शर्वाणीला ते बघवत नव्हतं.

तिने तडक वैजूआत्याला गाठलं. आत्या त्याच विभागात साथरोगशास्त्र (साथ कुठून आली, कशी थांबवायची याचा अभ्यास) शिकवायची. तिने चौकसकडे चष्म्यावरून पाहिलं.

"बऱ्या माणसांना विचारलंस का रे?"

"ते रुग्ण नाहीत," चौकस म्हणाला.

"आपला रुग्ण म्हणजे अख्खी वस्ती."

मग आत्याने समजावलं. उन्हाळ्यात रस सगळेच पितात, त्यामुळे आजारी माणसं तो प्यायली एवढ्यावरून काही ठरत नाही. शेजारी तुलना-गट (त्याच वस्तीतली, पण आजारी न पडलेली माणसं) ठेवून बघायचं आणि दोघांत वेगळं काय ते शोधायचं.

शर्वाणी आणि चौकस पुन्हा दारोदार फिरले. ठणठणीत माणसांनीही रस प्यायला होता. गंमत म्हणजे त्यांत बहुतेक पुरुष होते. आजारी होत्या त्या बायका, लहान मुलं आणि पुरुषांपैकी फक्त बापटआजोबा. जंतू असा भेदभाव कशाला करतील?

शर्वाणी जिन्यातच थबकली. परवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. तिथे बायका आणि मुलंच जमली होती, आणि बापटआजोबांना पन्ह्याचा पेला घरपोच गेला होता. आंबट नको म्हणून तिने स्वतः मात्र पन्ह्याला तोंड लावलं नव्हतं. हळदीकुंकू होतं तिच्याच घरी.

तिला रडू आलं. आई आजारी, तिला हे सांगायचं कसं? तरी तिने सांगितलं. आईने कबूल केलं. एरवी सगळ्या घरांत फिल्टरचंच पाणी प्यायचे, पण फिल्टर फार हळू चालतो म्हणून तिने पन्ह्यात थेट नळाचं पाणी ओतलं होतं. विभागाने पाणी तपासलं, तेव्हा जमिनीखालच्या टाकीला तडा जाऊन त्यात गटाराचं पाणी झिरपत असल्याचं कळलं.

आईने स्वतःच सगळ्यांना निरोप पाठवला, "पन्हं माझ्याकडचं होतं. गुऱ्हाळ बंद करू नका."

संध्याकाळी टाकी बंद झाली आणि गुऱ्हाळ सुरू राहिलं. निलोफर रसाचे दोन पेले घेऊन आली. कुणी आजारी पडण्याआधीच निलोफरच्या, म्हणजे शेजारच्या सोसायटीतली टाकी बघायला चौकस निघाला होता. तो निलोफरपाशी थांबला.

"तू बरी आहेस ना? मग तुझ्यापासूनच सुरुवात करतो."