पाचवा साचा

ती २००६ सालची उन्हाळी सुट्टी. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये त्या वर्षी असा उकाडा होता की बागेतली हिरवळ वाळून पापडासारखी झाली होती. पण वैभवीच्या मनात तो उन्हाळा राहिला, तो शेजारच्या मिस एल्सींमुळे.

मिस एल्सी वेड शहाण्णव वर्षांच्या. डोळ्यांना जवळजवळ दिसत नसे. रस्ता रुंद करायला त्यांचं घर पाडणार होते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. बारा वर्षांची वैभवी, तिचा थोरला भाऊ सुयश आणि इल्फर्डहून आलेली मावसबहीण श्रद्धा, तिघं त्यांचं सामान बांधायला जात.

"या गल्लीतलं पहिलं घर हे!" कपांना कागद गुंडाळता गुंडाळता मिस एल्सी म्हणाल्या. "बाबा जर्मनीहून आले तेव्हा इथे नुसती शेतं होती. त्यांनी स्वतः बांधलं. वाइडनरांची बेकरी!"

"मग तुमचं आडनाव वेड कसं?" सुयशने विचारलं.

श्रद्धाने त्याला कोपराने ढोसलं. पण मिस एल्सी सांगू लागल्या.

"१९१५ साल. जर्मनीशी युद्ध चालू होतं. एका संध्याकाळी जमावाने आमच्या काचा फोडल्या, पाव चिखलात तुडवले. सकाळी पाव घेऊन गेलेलेच लोक होते त्यात! मग बाबांना जर्मन म्हणून मॅन बेटावरच्या कैद्यांच्या छावणीत नेलं. ते तिथेच वारले. आईने आडनाव बदललं, मला एल्झाची एल्सी केलं. जर्मन शब्द घरात काढायचा नाही, अशी ताकीद दिली."

जरा थांबून त्या म्हणाल्या, "आमच्यात एक रीत होती. मूल सहा वर्षांचं झालं की बाबा त्याच्या नावाचा लाकडी साचा कोरायचे, नाताळच्या बिस्किटांसाठी. माझ्या चारही भावंडांना मिळाला. मी पाच वर्षांची होते, तेव्हाच बाबांना नेलं. सहावा वाढदिवस आला नि गेला. नव्वद वर्षं झाली, पण अजून वाटतं, बाबा मला विसरले."

सुयशने त्यांच्या हातातला कप घेतला आणि अलगद कागदात गुंडाळला.

संध्याकाळी अंगणात श्रद्धा मान वर करून उभी राहिली. "वैभू, छपरावर धुराडी दोन आहेत. घरात शेकोटी तर एकच!"

"आणि बेकरीची भट्टी कुठे गेली?" वैभवी म्हणाली.

"आईने ती मोडून टाकली म्हणे," खिडकीतून मिस एल्सींचा आवाज आला.

सुयशने स्वयंपाकघर पावलांनी मोजलं. "आतून अकरा. बाहेरून सोळा! पाच पावलं गायब! आणि मला भूक लागला."

"लागली रे, लागली!" श्रद्धा हसली.

शुक्रवारी सकाळी घर रिकामं करायला मिस्टर पिकरिंग आले. त्यांना सगळ्याचीच घाई. "भिंत ती भिंत! मागे काही नसतं. सरका बाजूला!"

"बारापर्यंत हे घर कुणाचं?" सुयशने विचारलं.

"बाईंचं."

"मग भिंतही त्यांचीच! मिस एल्सी, फोडायची?"

मिस एल्सींनी काठी फरशीवर आपटली. "फोडा!"

धूळ लागू नये म्हणून वैभवीने त्यांना अंगणात नेऊन बसवलं. पिकरिंगनी कुरकुरत घण उचलला. चौथ्या घावाला विटा कोसळल्या. मागे भट्टीचं काळंभोर तोंड! आत गंजलेले पत्रे आणि काळवंडलेल्या फळ्या.

"सरपण!" म्हणत पिकरिंगनी सगळं कवेत घेतलं आणि बाहेरच्या कचऱ्याच्या लॉरीत फेकलं. एक फळी मात्र दारातच निसटून पडली. वैभवीने ती उचलली. लाकडात एक बदक कोरलेलं होतं, पण आत खोलगट. घरी आजीच्या डब्यात असंच काहीतरी होतं. कशाचं बरं? मोदकाचं!

"थांबा! हे सरपण नाही, साचे आहेत!" ती किंचाळली.

लॉरी घरघरू लागली होती. सुयश धावत जाऊन हात पसरून समोर उभा राहिला. ड्रायव्हर ओरडला, पिकरिंग ओरडले, पण तो हलेना! दोघी मुली वर चढल्या.

"दोन... तीन... चार!" श्रद्धा मोजत होती. "झाले चार."

"अजून बघ ना गं!" वैभवी गंजलेले पत्रे बाजूला सारत म्हणाली. तळाशी पिठाच्या पोत्याच्या तुकड्यात काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं.

मिस एल्सींनी साचे एकेक करून चाचपले. "हे बदक ऑटोचं. घोडा कार्लचा..." पाचव्यावर त्यांची बोटं थांबली. "हा मला माहीत नाही."

वैभवी घरी पळाली. अरुणाआजी पोळ्यांना बसली होती. गणपतीत साच्यातून मोदक काढणाऱ्या आजीला फार सांगावं लागलं नाही. कणकेचा गोळा घेऊन ती स्वतःच आली, साच्याला तेलाचं बोट लावलं, कणीक दाबली आणि अलगद सोडवली.

कणकेवर हेच घर उमटलं होतं! दोन धुराडी, दारात छोटी मुलगी आणि वाटेवरून घराकडे येणारा एक माणूस. खाली अक्षरं होती. वैभवीने वाचली, "एल्झा. १९१६."

"छावणीत कोरला त्यांनी, आणि घरी पाठवला," आजी हळूच म्हणाली. "तुमच्या आईला जर्मन वस्तू घरात ठेवायची भीती वाटली असेल हो. पण तिने जाळला नाही. जपून ठेवला."

मिस एल्सींचं बोट त्या कणकेच्या माणसावर कितीतरी वेळ फिरत होतं. "बाबा, एवढंच अंतर राहिलं होतं," त्या म्हणाल्या.

पिकरिंगनी टोपी काढली. "पोरांनो, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली," ते म्हणाले आणि साडेबारापर्यंत कुणाला घाई केली नाही.

घर पडलं. तिथून आता गाड्या धावतात. मिस एल्सी त्याच डिसेंबरात, नाताळच्या आधी गेल्या. वृद्धाश्रमातल्या खोलीच्या दारावरच्या पाटीवर त्यांनी एल्झा वाइडनर लिहून घेतलं होतं. चार साचे शहराच्या संग्रहालयात आहेत. सुयश बर्मिंगहॅमला इंजिनिअर झाला. श्रद्धा इल्फर्डला शिक्षिका आहे, वर्गात अजून तशीच मोजते. अरुणाआजी नाही आता.

पाचवा साचा मिस एल्सींनी वैभवीला दिला. दर नाताळला ती त्यातून बिस्किटं काढते. त्यातलं एक मात्र कुणाला खाऊ देत नाही. ते ती खिडकीत उभं करून ठेवते, आणि त्या रात्री बाहेरचा दिवा मालवत नाही.