रंगनाथकाकांचं समालोचन

दुपारी दोनला तनुजानं नेहमीप्रमाणे स्टुडिओचं दार ओढून घेतलं, लाल दिवा लावला आणि भावगीतं सुरू केली. बिबवेवाडीतलं हे छोटंसं रेडिओ केंद्र. गाण्यांनंतर उसाच्या लागवडीवर एक भाषण आणि चार वाजता मांजरीच्या मैदानावरची कबड्डी. रोजचंच काम, पण आज तिचं डोकं फिरलेलं होतं. कारण काचेपलीकडे बसलं होतं. केंद्रप्रमुख विक्रम.

वीस वर्षं कबड्डीचं समालोचन रंगनाथकाकांनी केलं. चढाई करणारा जोवर दम धरून आहे, तोवर काकाही श्वास घ्यायचे नाहीत. सगळं एका दमात सांगायचे. गेल्या महिन्यात ते वारले, आणि तेराव्याच्या आत या विक्रमनं जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरकडून त्यांचा आवाज तयार करून घेतला. घरी विचारायची रीत असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. पहिल्यांदा तो आवाज लागला तेव्हा काकांच्या पत्नी राधाकाकू हातातला चहा तसाच टाकून उठल्या होत्या. पुन्हा लागणार नाही, असा शब्द तनुजानं त्यांना दिला होता.

"काकूंना काय वाटेल, याचा विचार केलात का?" तिनं विचारलं.

"नवऱ्याचा आवाज घरबसल्या ऐकायला मिळतोय. आणखी काय हवं?" विक्रम मान वर न करता म्हणाला.

चार वाजता त्यानं तो आवाज सोडला. तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द दिला तो दिला, नोकरी गेली खड्ड्यात. तिनं प्रक्षेपणच बंद केलं.

मीटरचा काटा शून्यावर पडला. स्पीकरमधला आवाज मात्र थांबला नाही. बंद खोलीत लवंगेचा वास दाटला. घसा मोकळा राहावा म्हणून काका लवंग चघळायचे.

"चढाईला विक्रम... मध्यरेषा ओलांडली... दम धरलाय..."

मांजरीच्या दोन्ही संघांत विक्रम नावाचं कुणी नव्हतं. काचेपलीकडचा विक्रम हळूहळू उभा राहिला. त्याचे ओठ भराभर हलत होते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. छाती मात्र हलत नव्हती. हातानं तो गळा चाचपत होता आणि तोंड काही केल्या थांबत नव्हतं.

तनुजाचा फोन वाजला. राधाकाकू होत्या.

"तो आवाज बंद केलास, बरं केलंस बाई." त्या अगदी हळू बोलत होत्या. "हे घरी आलेत... खुर्चीत बसून स्वतःच मॅच सांगतायत. कधीपासून श्वासच घेतला नाहीये त्यांनी... थांबा म्हणू का त्यांना?"

विक्रमचे ओठ निळे पडत चालले होते. त्यानं काचेवर हात आपटला. तनुजा त्याच्याकडेच बघत होती.

"एक मिनिट, काकू," ती म्हणाली.