अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्यावर ओरडत होता. खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

डेपोतला माझा दुसरा दिवस. बाहेर पाऊस असा आडवा झोडपत होता, की केबलची वेटोळी ठेवायच्या टाक्यांपासून शेडपर्यंत पळत येईतो मी नखशिखांत भिजले. रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढलेली... समोर जे पहिलं दार आलं ते ढकललं आणि आत घुसले. आतलं कसलंसं मशीन घुर्रकन बंद पडलं.

"दारावर लाल दिवा लागलाय, दिसला नाही?"

"दिसला की."

"मग?"

"मला वाटलं, शोभेचा आहे."

पडद्यासमोरच्या खुर्चीतून एक उंच, किडकिडीत तरुण उठला. "शोभेचा? इथे एक्स-रे काढतात! दार उघडलं की मशीन आपोआप बंद होतं. वीस मिनिटांचं काम गेलं माझं."

"पण मी वाचले ना?"

तो आणखी काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात माझ्या टोपीवरून गळणाऱ्या पाण्याचं त्याच्या स्वच्छ फरशीवर तळं साचताना त्यानं पाहिलं. खुंटीवरचा टॉवेल काढून त्यानं माझ्यापुढे धरला. चेहरा रागीटच होता हं... पण टॉवेल छान उन्हात वाळवलेला होता.

आमचं काम सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. तुमची मावशी परदेशात असते, तिचा नातू फोनच्या पडद्यावर तुम्हाला बोळकं दाखवतो. ते हसू आभाळातून येतं असं सगळ्यांना वाटतं. येतं ते समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबलमधून, केसाएवढ्या काचेच्या धाग्यांतून. कधी एखाद्या जहाजाचा नांगर अडकतो आणि केबल तुटते. मग दुरुस्तीचं जहाज जातं, दोन्ही टोकं वर ओढून घेतं, आणि जोडारी ती टोकं जोडतो. किंवा जोडते. बाबांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बारीक कामाची सवय झालेली मी, ती जोडारी व्हायचं म्हणून घरातून आले होते.

शिकवायला आमच्या बाई होत्या. बावीस वर्षं जहाजावर काढलेल्या, मोजकं बोलणाऱ्या, पण नजर अशी की चूक करायच्या आधीच आपण सॉरी म्हणावं. आठ महिन्यांचं शिक्षण, शेवटी परीक्षेचा एक जोड. जहाजावर जोडाऱ्याची एकच जागा रिकामी होती. पास झाले तर ती माझी. नापास झाले तर जागा दुसऱ्याला आणि मी पुढच्या परीक्षेपर्यंत, म्हणजे आणखी सहा महिने, डेपोत.

जोड म्हणजे तरी काय? आधी काचेचे धागे ठिणगीनं जुळवायचे, मग त्यावर पोलादी नळी बसवायची, आणि सगळ्यांवर वितळलेल्या प्लास्टिकचं जाड आवरण चढवायचं. त्या आवरणात हवेचा बुडबुडा राहिला तर संपलं. केबलमधून जबरदस्त विजेचा दाब जातो, तो नेमका तिथेच आवरण फोडतो आणि समुद्र आत शिरतो. म्हणून प्रत्येक जोडाचा एक्स-रे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा बुडबुडा चालतो, त्याहून मोठा नाही. ते मोजायचं काम त्या टॉवेलवाल्याकडे होतं.

माझा पहिला जोड त्यानं पडद्यावर लावला आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

"बुडबुडा आहे?" मी घाबरत विचारलं.

"बुडबुडा? ही भाड्यानं देण्याजोगी खोली आहे. एखादं लहान कुटुंब आरामात राहील."

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'बुडबुडा' झाले. मीही काही कमी नव्हते. मी त्याला 'एक्सरे' म्हणायला लागले.

जोड करायचा त्या दिवशी आम्हाला चहा बंद असे, हात थरथरू नये म्हणून. बाकीचे माझ्यासमोर खुशाल कप रिचवायचे. एकदा पाहिलं तर एक्सरे खिडकीत उभा राहून नुसतं गरम पाणी पीत होता.

"तुम्हाला कुठे जोड करायचाय? तुम्ही प्या की चहा."

"नको... सोबत."

एवढंच म्हणाला आणि कपात फुंकर मारत बसला. पाण्यावर! मला हसू आवरेना, आणि मग उगाचच दिवसभर आवरेना.

अहवाल त्यानं ट्रेमध्ये ठेवायचा, आम्ही तिथून उचलायचा, अशी पद्धत होती. माझा अहवाल मात्र ट्रेपर्यंत कधी पोचलाच नाही. तो स्वतः घेऊन यायचा. "आज खोली नाही, फक्त कपाट," असं काहीबाही सांगायचा आणि माझं तोंड फुगलं की खूश होऊन परत जायचा. हळूहळू कपाटाचा खण झाला, खणाची डबी झाली, आणि एक दिवस तो म्हणाला, "आज काहीच सापडलं नाही." हे सांगताना त्याचा चेहरा इतका फुलला होता, जणू जोड त्यानंच केलाय.

मी आत्याकडे राहत होते. एका संध्याकाळी ती वाढता वाढता थांबली.

"हाड मोडलंय का गं कुठे?"

"नाही... का?"

"उठता-बसता एक्सरे, एक्सरे! म्हटलं, दाखवून तरी येऊ डॉक्टरांना."

मी लाजून ताटात डोकं घातलं. आत्यानं जास्तीची पोळी वाढली, तीही माझ्या लक्षात आली नाही.

परीक्षेला महिना उरला तेव्हा मी त्याला विचारलं. दुपारची सुट्टी होती, बाहेर रिमझिम चाललेली. "तुम्ही का नाही गेलात जहाजावर?"

"मला बोट लागते."

"सगळ्यांनाच लागते. चार दिवसांत सवय होते म्हणे."

"मला धक्क्यावर उभं राहून लागते."

मी पोट धरून हसले. तोही हसला. मग त्यानं बाहेर पावसाकडे पाहिलं.

"पास झालात की चार महिने समुद्र," तो म्हणाला. "मग पंधरा दिवस इथे. मग पुन्हा चार महिने."

"हो."

"मासे बघायला मिळतील."

"हो... मासे."

मला जायचं होतं. अगदी जीव तोडून जायचं होतं. आणि त्या दारावरचा लाल दिवा कधी विझतो याकडेही दिवसभर माझं लक्ष असायचं. काय करणार, दोन्ही खरं होतं.

परीक्षेचा जोड पूर्ण करायला मला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी विजेची चाचणी झाली, पास. आता फक्त एक्स-रे. जोड आत गेला, लाल दिवा लागला. बाई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. वीस मिनिटं झाली. दिवा विझला. दार मात्र उघडेना. आणखी दहा मिनिटं गेली, आणखी दहा. बाईंनी घड्याळ पाहिलं, मी नखं खाल्ली.

शेवटी दार उघडलं. एक्सरेच्या हातात फॉर्म होता, खाली सहीची जागा कोरी.

"बाई, यावर मला सही करता येणार नाही."

मी विचारलं, "नापास?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?" बाई उठल्या. "बुडबुडा आहे की नाही?"

"आहे, एक. पहिल्यांदा मोजला तर अर्ध्याहून जास्त भरला. वाटलं, आपलंच चुकलं असेल. पुन्हा मोजला, तर कमी भरला. म्हणजे पास. आणि बाई... पास म्हटल्यावर मला वाईट वाटलं."

त्यानं फॉर्मवर सहीच्या वर छापलेली ओळ वाचून दाखवली. "'जोड करणाऱ्या व्यक्तीशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही.' आठ महिने याखाली डोळे मिटून सही करत आलोय. त्यातल्या निम्म्या सह्या तरी खोट्याच असणार. पण आज नाही करवत. ही चार महिने जाणार, हे एकदा मनात आलं की माझा हात हलतो. असला हात हिच्या परीक्षेला नको. तुम्ही मोजा."

माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावरच्या प्रेमाची कबुली देत होतं, आणि तीसुद्धा बाईंना!

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा चढवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लाल दिव्याखाली आम्ही दोघंच उरलो.

"हे तुम्हाला मला सांगता आलं नसतं?" मी विचारलं. "बाईंना कशाला सांगितलं?"

"फॉर्म त्यांना द्यायचा असतो."

"धन्य आहे!" मला रडावं की हसावं ते समजेना. "आणि मी नापास झाले तर?"

"तर मी सहा महिने खूश असेन, आणि रोज आरशात बघायची लाज वाटेल."

"आणि पास झाले तर?"

"तर चार महिने मला जमिनीवरच बोट लागेल." तो फरशीकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली. "पण तू पास हो. तू पासच झाली पाहिजेस."

त्याच्या तोंडून 'तू' पहिल्यांदाच आलं. मी त्याचा हात धरला.

"ऐक," मी म्हटलं. "पास झाले तर मी जाणार. तुझ्यासाठी थांबणार नाही."

"थांबलीस तर तुझ्याशी बोलणार नाही मी."

"पण परत येईन. दर वेळी. बंदरात उतरले की आधी इथेच येईन, लाल दिवा असला तरी दार उघडीन."

"वीस मिनिटांचं काम जाईल माझं."

"जाऊ दे."

"जाऊ दे," तोही म्हणाला, आणि असा हसला की त्या हसण्यापायी मी आणखी दोनदा परीक्षा दिली असती.

दार उघडलं. आम्ही घाईघाईनं हात सोडले. बाईंना ते दिसलंच, पण चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ.

"शून्य पॉइंट चार," त्या म्हणाल्या. "तीनदा मोजला, तिन्ही वेळा तेवढाच. पास."

मी किंचाळले. पण माझ्याहून मोठ्यानं एक्सरे ओरडला. शेडच्या पार दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायला लागली. तो हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

"वाईट वाटलं?" मी हळूच विचारलं.

"वाटलं ना. पण या वेळी आनंद आधी झाला, वाईट मागून आलं."

"तुमचं झालं असेल तर इकडे लक्ष द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी बाकावर बसून एक जाड रजिस्टर मांडीवर उघडलं होतं. "संबंध असल्याचं या गृहस्थांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे यापुढे हिचा एकही जोड यांनी तपासायचा नाही. दुसरा माणूस नेमावा लागेल, तसं मला वर कळवायचंय. आता, किती दिवसांसाठी? इथे दोन रकाने आहेत. तात्पुरता आणि कायमचा."

एक्सरेनं तोंड उघडलं. बाईंनी पेन वर करून त्याला थांबवलं.

"तुम्ही सांगून झालंय. मी हिला विचारतेय."

दोन दिवसांत मी चहाचा थेंब घेतला नव्हता. माझा आवाज अजिबात हलला नाही.

"कायमचा."

"नीट विचार करून सांग. मी शाईनं लिहिते. मग खाडाखोड चालत नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता, कानापर्यंत लाल झालेला.

"शाईनंच लिहा, बाई," मी म्हटलं.